झिजलेली राणी

१

दातांचे डॉक्टर म्हणून त्यांचा हात हलका, याबद्दल दुमत नाही. पण माणसं ओळखण्याच्या बाबतीत सगळा आनंद! वर्षानुवर्षांचा पेशंट रस्त्यात भेटला, तोंडभर हसला, घरच्यांची विचारपूस केली, तरी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर 'आपण कोण?' हेच. मग तो बिचारा बोलता बोलता जांभई द्यायचा आणि डॉक्टर एकदम उजळायचे. "अरे, तुम्ही होय! उजवीकडची खालची अक्कलदाढ! आता दुखत नाही ना?"

दिवसभर माणसांच्या तोंडात बघणाऱ्याला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला फुरसत कुठली, असं त्यांची बायको म्हणायची. "मी हरवले ना, तर पोलिसांना हे माझ्या दातांचं वर्णन देतील. चेहरा कसा होता विचारलं, की बसतील डोकं खाजवत."

ती हे सगळ्यांना हसत सांगायची आणि डॉक्टरही हसायचे. त्यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण ते पुढचं पुढे.

खाली दवाखाना, वर घर. दवाखान्याच्या दाराशी काउंटर आणि काउंटरमागे बायको. लग्न झाल्यापासून तीच नंबर द्यायची, घाबरलेल्यांना धीर द्यायची, रडणाऱ्या पोरांच्या कानात "डॉक्टर माझ्यापेक्षा भित्रे आहेत, कुणाला सांगू नकोस" असं कुजबुजायची. सकाळी ड्रिलचा कॉम्प्रेसर घुरघुरायला लागला, की जिन्यावरून तिचा आवाज वर यायचा, "अहो, पहिला पेशंट बसवलाय!"

जिन्याच्या वरच्या टोकाला एक चिंचोळी खोली होती. पूर्वी तिथे एक्स-रेच्या फिल्म धुवायचे. खिडकी नाही, एक बेसिन, एक ओटा, ओट्यावर कवळ्यांना चकाकी आणायची जुनी मोटर. आता तिथे डॉक्टरांची नाणी राहत. जुन्या युरोपातली, सोन्याची. डुकाट, फ्लोरिन, गिनी. सपाट खणांत मखमलीच्या खाचा, आणि प्रत्येक खाचेत एखादा राजा नाहीतर राणी, एका कुशीवर झोपल्यासारखी. राज्यं कधीच बुडाली, राजवाड्यांची हॉटेलं झाली, पण हे चेहरे अजून सोन्यात तोऱ्याने नाक वर करून आहेत, याचं डॉक्टरांना फार कौतुक होतं. बायको त्यांना 'खजिनदार' म्हणायची. "खजिनदार, खजिना आवरा, चहा निवतोय."

खजिन्याचे नियम कडक होते. नाणं कडेने धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही. धुवायचं नाही, पुसायचं नाही आणि घासायचं तर नावच काढायचं नाही. "घासलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं," डॉक्टर म्हणायचे. बायको दारातूनच बघायची. ती कधी आत आली, की डॉक्टरांचं लक्ष तिच्या बोटांवरच असायचं.

२

ती राणी आणली त्यांच्या नेहमीच्या नाणेवाल्याने. हा माणूस बोलायला असा गोड, की झिजलेली वस्तूसुद्धा उपकार केल्यासारखी गळ्यात मारेल.

"आता हिला चेहरा म्हणून राहिलेला नाही, ते मान्य," तो म्हणाला. "पण खाच रिकामी ठेवण्यापेक्षा बसवून टाका. चांगलं मिळेपर्यंत."

खरंच चेहरा राहिला नव्हता. कुठल्याशा चिमुकल्या, नकाशावरून केव्हाच पुसल्या गेलेल्या राज्याची राणी. खिशाखिशांतून फिरून, हातोहाती घासून पार गुळगुळीत झालेली. केसांचा अंबाडा तेवढा कळत होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं एकसारखं उतरलं होतं. मानेखाली साल होतं, पण त्याचा शेवटचा आकडा गेलेला. आणि मेख तिथेच होती. या राणीची एका सालची नाणी बऱ्याच जणांकडे होती. त्याच्या पुढच्या साली टाकसाळ बंद पडली. बंद पडण्याआधी थोडी पाडली होती म्हणतात, पण ते नाणं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

"तो आकडा दिसला असता तर..." डॉक्टर म्हणाले.

"तर मी तुमच्याकडे आलो असतो होय?" नाणेवाला हसला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद होता. लग्नाचा वाढदिवस. बायकोने नवी साडी नेसली होती आणि डॉक्टर सकाळपासून त्या अंधाऱ्या खोलीत. आता हे काही नवीन नव्हतं. नवीन काही आणलं, की डॉक्टर त्याचा साचा काढून ठेवायचे. कवळीसाठी दातांचं माप घेतात ना, तसंच. दोन रंगांची रबरी पुट्टी एकत्र मळायची, नाण्यावर दाबायची, घट्ट झाली की काढून आत प्लास्टर ओतायचं. चेहऱ्याची बारीकशी रेघसुद्धा त्यात उतरते.

फक्त ती पुट्टी रबरी हातमोज्यांनी मळून चालत नाही, ती मग घट्टच होत नाही. उघड्या हातांनी मळावी लागते. डॉक्टरांच्या बोटाला त्या दिवशी कापलेलं होतं, पट्टी बांधलेली. म्हणून त्यांनी बायकोला हाक मारली.

"आज मला आत प्रवेश?" ती दारात थबकली. "वाढदिवसाची भेट वाटतं!"

तिने पुट्टी मळली. डॉक्टरांनी नाणं ओट्यावर ठेवलं. ती वाकून बघायला लागली, आणि डॉक्टर काही म्हणायच्या आत तिने अंगठा त्या गुळगुळीत चेहऱ्यावरून फिरवला. अलगद, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"अगं! बोट नाही!"

"बिचारी हो," ती म्हणाली. "नाकसुद्धा ठेवलं नाही मेल्यांनी." मग तिला स्वतःचंच हसू आलं. "घे बाई माझं. लहानपणी झोपाळ्यावरून पडले तेव्हापासून मधोमध टेंगूळ आहे, तेवढं चालवून घे. नाहीतरी मला बारा महिने सर्दी, नाक असून उपयोग काय?"

"पुट्टी घट्ट होतेय. दाब," डॉक्टर म्हणाले. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

तिने दाबली. साचा झकास निघाला. पाठीमागे तिच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता.

३

चष्मा घसरायला लागला तो त्याच सुमाराला.

आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. काउंटरवर खाली मान घालून काही लिहायला घेतलं, की चष्मा टपकन टेबलावर. ती उचलायची, लावायची, पुन्हा टपकन. रोज तो आवाज. डॉक्टरांना आतून, ड्रिलच्या आवाजातूनही तो ऐकू यायचा आणि त्यांचा हात किंचित थांबायचा.

"अगं, तो चष्मा घट्ट करून आण ना."

तिने आणला. चष्मेवाल्याने दांड्या आवळल्या, नाकावरच्या गाद्या बदलल्या. आठवड्यात पुन्हा तेच. दुसऱ्यांदा डॉक्टरही बरोबर गेले. चष्मेवाल्याने तिच्या नाकावर चष्मा ठेवला, बोट काढलं, चष्मा सावकाश घरंगळत तिच्या ओठांपर्यंत आला.

"वहिनी, बारीक झालात का?" त्याने विचारलं.

"मी? अहो, हा ब्लाउज बघा, शिवण उसवून उसवून घातलाय. पसरतेय मी चहूबाजूंनी!"

"मग..." तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि का कोण जाणे, त्याने नजर वळवली. "दोरी देतो. गळ्यात अडकवा. पडला तरी फुटणार नाही."

घरी आल्यावर डॉक्टरांनी नाण्यांची खोली उघडली. काही काम नव्हतं, नुसतीच नजर टाकायला. राणीचा खण ओढला आणि दिवा जवळ घेतला.

राणीला नाक होतं.

अगदी पुसट. काचेवर फुंकर मारल्यावर दिसतं तेवढंच. पण होतं. डॉक्टरांनी भिंग घेतलं, दिवा डावीकडून धरला, उजवीकडून धरला. छे, उजेडाचा खेळ. जुन्या सोन्यावर हे होतं. तिरका उजेड पडला की नसलेलं दिसतं, हे नवशिक्यालासुद्धा माहीत असतं. त्यांनी खण बंद केला. मग पुन्हा उघडला.

पहिल्या दिवशीचा प्लास्टरचा साचा त्यांनी कपाटातून काढून शेजारी ठेवला. साच्यावर त्या जागी सपाट होतं. नाण्यावर नव्हतं.

४

आता शहाण्या माणसाने काय करावं? कुणाला तरी सांगावं. डॉक्टरांनी पुट्टी मळायला घेतली.

पहिल्यापेक्षा दुसरा साचा स्पष्ट, दुसऱ्यापेक्षा तिसरा. नाक, मग वरचा ओठ, मग डोळ्याची पापणी. डॉक्टर स्वतःला समजावत होते, की पहिलं माप चुकलं असणार. पुट्टी जुनी असेल, हवा अडकली असेल, बायकोने नीट दाबली नसेल. सोनं काही वाढत नाही. ते नख नाही, केस नाहीत. डॉक्टरांनी हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की शेवटी त्यांना त्याचा कंटाळा आला आणि त्याच्या जागी दुसरंच काही मनात शिरलं. खरं सांगायचं तर आनंद. जो आयुष्यभर झिजलेली नाणी बघून हळहळला, त्याच्यासमोर एक नाणं उलटं चाललं होतं! उद्या तो आकडाही येईल.

एकच गोष्ट खटकली. राणीच्या नाकाला मधोमध उंचवटा होता. नाण्यांच्या पुस्तकात या राणीचं चित्र होतं, त्यात नाक सुरीसारखं सरळ. डॉक्टर दोन दिवस विचार करत होते. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसरा ठसा! टाकसाळीत शेवटच्या वर्षी नवा ठसा कोरला असणार, कारागीर वेगळा, म्हणून नाक वेगळं. म्हणजे हे तेच, कुणी न पाहिलेलं नाणं! असा आनंद त्यांना लेकीच्या जन्मानंतर झाला नसेल.

लेक परदेशी असायची. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा.

"आई, कॅमेरा पूस गं. धुरकट दिसतेस."

बायकोने पदराने फोन पुसला. "आता?"

"तशीच. बाबा कसे लख्ख दिसतायत! तू जरा उजेडात ये."

ती खिडकीपाशी गेली. दुपारचं ऊन थेट तोंडावर. पलीकडे लेकीने फोन डोळ्यांजवळ आणला.

"नेटवर्क खराब आहे वाटतं," लेक म्हणाली. "आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" ती हसली. आवाज अगदी नेहमीचा, खणखणीत.

डॉक्टर शेजारीच बसले होते. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं असतं तरी चाललं असतं. पण ते त्या उंचवट्याचा विचार करत होते.

५

मग एक दिवस तिला सफरचंद चावेना.

"दुखत नाही काही," ती म्हणाली, "पण दातांतून सटकतंय. बर्फाच्या लादीवर पाय ठेवल्यासारखं."

आता हे डॉक्टरांच्या हातातलं काम. दुपारी दवाखाना रिकामा होता. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे केली, वरचा मोठा दिवा ओढला. "आ कर."

तिने आ केला आणि डॉक्टरांच्या हातातला आरसा तसाच राहिला.

दाढांना खळगे असतात, टोकं असतात, कडा असतात. प्रत्येकाच्या वेगळ्या. आपल्या बायकोच्या दाढा त्यांना अंधारातही ओळखता आल्या असत्या. साऱ्या जगात त्यांना नीट माहीत असलेली ती एकच गोष्ट होती तिच्याबद्दल. त्या दाढा आता गुळगुळीत होत्या. कीड नाही, भेग नाही. सगळ्या एकसारख्या, नदीतल्या गोट्यांसारख्या. शे-दोनशे वर्षं चावत बसलं तर होतील अशा.

"काय झालं?" आ केल्या तोंडानेच तिने विचारलं.

"झोपेत दात खातेस तू," डॉक्टर म्हणाले. आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं. "ताणाने होतं. दातांवर घालायला एक टोपण करून देतो."

"मला कसला आलाय ताण?" ती उठून बसली. चष्मा दोरीला लोंबत होता. तिने तो लावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "तुमच्या शेजारी झोपते मी. ऐकलंत कधी दात खाताना?"

नव्हतं ऐकलं. दुपारी ती जरा लवंडली, की डॉक्टर मुद्दाम खाटेशेजारी बसून राहायला लागले. घरात चिडीचूप. पंख्याची घरघर, बेसिनच्या नळाचा थेंब. तिच्या तोंडातून आवाज नाही. पण भिंतीपलीकडून, त्या चिंचोळ्या खोलीतून, काहीतरी यायचं. खस्स. मग शांत. मग पुन्हा खस्स. कुणीतरी कडक इस्त्रीचे कपडे घालून कूस बदलत असल्यासारखं.

उंदीर असतील, डॉक्टर म्हणायचे. उठून बघायला ते काही गेले नाहीत.

६

तिचा फोन आता तिचा चेहरा बघून उघडेना. आकडे दाबावे लागायचे. आरशासमोर ती पूर्वी दहा मिनिटं सहज काढायची, आता पाठ करून वेणी घालायची. आणि खाली काउंटरवर एक वेगळंच सुरू झालं होतं.

"मॅडम रजेवर आहेत का?" एक म्हातारे पेशंट तिलाच विचारत होते. त्यांच्या चारही अक्कलदाढा डॉक्टरांनी काढलेल्या, आणि चारही वेळा हिनेच त्यांचा हात धरला होता.

"अहो काका, मीच ती!"

"होय का?" म्हातारे ओशाळले. "आवाज ओळखला बघा. पण... माझी नजर गेली बाई आता."

त्या दिवशी दवाखाना बंद केल्यावर ती वर आली आणि तडक चिंचोळ्या खोलीच्या दारात उभी राहिली. डॉक्टर भिंग लावून बसले होते.

"एक मागू?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत काही मागितलं नाही मी."

"माग ना," डॉक्टर म्हणाले. मान खालीच.

"ते नाणं देऊन टाका कुणाला तरी. परत करा, विका, नदीत टाका. मला ते घरात नको."

डॉक्टरांना कळत नव्हतं असं नाही, हो. माणूस बावळट असतो, पण इतकाही नसतो. कपाटात साच्यांची रांग होती, ती डावीकडून उजवीकडे पाहत गेलं की राणी उजळत जायची, आणि घरात काय होत होतं ते बघायला साचे लागत नव्हते. पण भिंगाखाली तो शेवटचा आकडा निम्मा वर आला होता. एक उभी रेघ. त्या रेघेला आडवी जोड आली, की संपलं. साऱ्या जगात एकच नाणं, आणि ते त्यांच्या खाचेत.

"एवढा एक आकडा येऊ दे," ते म्हणाले. "मग देतो. शपथ."

तिने दाराची चौकट धरली.

"मला बघा ना जरा," ती म्हणाली. "नुसतं बघा. मी अजून मीच आहे का, सांगा."

"आहेस, आहेस," डॉक्टर म्हणाले. भिंग हलू नये म्हणून त्यांनी श्वास रोखला होता.

ती जिना उतरून गेली. पावलांचा आवाज नेहमीपेक्षा हलका होता, असं त्यांना वाटलं.

७

आकडा आला सोमवारी, भर सकाळी. खाली पेशंट बसायला लागले होते.

डॉक्टर अक्षरशः नाचले. त्या खिडकी नसलेल्या खोलीत, एकटेच. शेवटचा साचा तर असा उतरला, की राणीच्या कानामागच्या सुटलेल्या बटेतला केसन् केस मोजून घ्यावा. त्यांनी त्याचा फोटो काढला, नाणेवाल्याला पाठवला, आणि आनंदाच्या भरात लेकीलाही. 'ओळख बघू ही कोण!' असं खाली लिहिलं. आता आपण ठरवलेलं करायचं. आजच्या आज नाणेवाल्याला बोलवायचं, नाणं देऊन टाकायचं, बायकोला घेऊन बाहेर जेवायला जायचं. दिलेला शब्द पाळायचा.

"कुणी आहे का?" खालून पुरुषाचा आवाज आला. "अहो डॉक्टर! काउंटरवर कुणीच नाहीये!"

डॉक्टर जिन्यात आले. वरच्या पायरीवरून काउंटर दिसत होतं. काउंटरमागे बायको बसली होती. निळी साडी, गळ्यात दोरी, दोरीला चष्मा. हात पुढे करून ती त्या माणसाला नंबराचा कागद देत होती, आणि तो माणूस तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत हाका मारत होता.

"अहो," ती म्हणाली. पेशंटला नव्हे, जिन्याकडे. "हे ऐकत का नाहीत माझं?"

आणि तिने मान वर केली.

डॉक्टरांनी बघितलं. कितीतरी वर्षांनी, पहिल्यांदाच, नीट. गेलं काहीच नव्हतं. सगळं होतं, जिथल्या तिथे. फक्त उतरलेलं, एकसारखं. केसांचा अंबाडा तेवढा कळत होता.

८

पुढचं त्यांनी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. हात काम करत होते. त्यांनी नाणं उचललं, कडेने नव्हे, मुठीत. ओट्यावरची मोटर चालू केली. कवळ्या घासायची जाड कापडी चकती गरगरायला लागली. तिच्यावर ओला प्युमिस थापला, म्हणजे कवळ्या घासायची दगडी पूड, खरबरीत, राखाडी. ज्या माणसाने आयुष्यात नाण्याला फडकं लावलं नाही, त्याने राणीचा चेहरा त्या चकतीवर दाबला.

हिशेब साधा होता. इकडचं तिकडे गेलं, तर तिकडचं इकडे येईल. राणी झिजली की बायको परत येईल. इतकं सोपं होतं, आणि आपण आकडा बघत बसलो! डॉक्टर रडत होते. "देतो, देतो," ते म्हणत होते, "सगळं परत देतो."

सोन्याचा चिखल बेसिनमध्ये उडत होता. बट गेली. पापणी गेली. ओठ गेले. नाकाला वेळ लागला, मधला उंचवटा जायलाच तयार नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. खाली काहीतरी टपकन पडलं. तो पूर्वीचा रोजचा आवाज. मग खुर्ची सरकल्याचा. पण त्यांनी हात काढला नाही. आकडाही घासला. पूर्ण सपाट, आरशासारखं सपाट होईपर्यंत ते थांबले नाहीत.

मोटर बंद झाली तेव्हा ओट्यावर फोन थरथरत होता.

नाणेवाल्याचा निरोप: 'अभिनंदन! हलवू नका, कुणाला दाखवू नका, मी निघालोय!'

त्याखाली लेकीचा.

'बाबा!! आईचं नाणं?? कुठून करून घेतलंत? ते टेंगूळ, ती कानामागची बट, ओठ आवळून हसू दाबते ना ते, सगळं सगळं आई आहे. मला रडू आलं. म्हणजे तुम्ही बघता तर आईकडे! तिला दाखवलंत का?'

डॉक्टरांनी तो निरोप वाचला. मग कपाटातून सकाळचा साचा काढला आणि दिव्याखाली धरला. कितीतरी वेळ ते त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पोरीने सांगितलं म्हणून ओळख पटली. एरवी पटली नसती.

खाली पूर्ण शांतता होती. कॉम्प्रेसरसुद्धा बंद. पेशंट निघून गेले असावेत, दार सताड उघडं होतं आणि रस्त्यावरचं ऊन काउंटरपर्यंत आलं होतं. बायको त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. तुटलेल्या दोरीची दोन टोकं तिच्या मानेवर होती. चष्मा जिन्याच्या पायथ्याशी पडला होता.

"अगं," डॉक्टर म्हणाले.

ती वळायला लागली. त्यांनी चटकन मान खाली घातली, वाकून चष्मा उचलला, जमिनीकडे बघतच दोन पावलं पुढे गेले आणि हात लांब केला. तिने तो घेतला. तिची बोटं गार होती, पण तिचीच होती. आपल्याला आता तिच्या आवाजातली हाक ऐकू येईल म्हणून डॉक्टर वाट बघत राहिले. ती काही बोलली नाही. चष्मा कुठे टेकवायचा, ते ती दोन्ही हातांनी आपल्या चेहऱ्यावर चाचपत होती.